एक गडी कमी पडतोय

रेक्टर झालो त्या वर्षी मी पहिला पराक्रम काय केला असेल, तर रात्री 11 ला होस्टेलचं वायफाय बंद करायचा नियम काढला. नोटीस लावली, खाली ऐटीत सही केली, आणि पहिल्याच रात्री साडेअकराला राऊंड मारायला गेलो तर प्रत्येक दाराच्या फटीतून तोच निळसर उजेड. पोरांचं वायफायवाचून काहीही अडत नव्हतं. रोजचा दीड जीबी ज्याच्या त्याच्या खिशात, आणि तो रात्री 12 ला नव्यानं भरतो, म्हणजे माझ्या नियमानं झालं एवढंच की पोरं दिवसा डेटा वाचवायला लागली आणि रात्री 12 ची वाट बघत जागायला लागली. वर ऑफिसचं कनेक्शन पण त्याच राउटरवर होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत बसून परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या क्लार्कच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी केमिस्ट्री शिकवतो. खेळाशी संबंध म्हणाल तर शाळेत मला कायम राखीव ठेवायचे आणि बाकीच्यांचे शर्ट नि घड्याळं सांभाळायला द्यायचे, एवढाच. म्हणजे पुढं जे लिहितोय ते कुठल्या क्रीडाप्रेमी माणसाचं लिखाण म्हणून वाचू नका.

वायफायचा पोपट झाल्यावर मी मास्तर लोक करतात ते केलं, अभ्यास केला. इंटरनेटचं व्यसन या शब्दाचा जन्मच गमतीचा आहे. 1995 मध्ये आयव्हान गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं असा एक आजार लक्षणांसकट चक्क चेष्टेनं लिहिला आणि लोक म्हणायला लागले, अहो हे तर मलाच झालंय. त्याच सुमारास किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र ते गंभीरपणे घेतलं आणि 20 प्रश्नांची एक चाचणी केली, प्रत्येक उत्तराला 0 ते 5 मार्क, एकूण 100. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, त्यात गेमिंगचा विकार आहे, पण नुसतं इंटरनेटचं व्यसन असं वेगळं नाव नाही. आणि गेमिंगचं पण दोन तास खेळला म्हणजे झाला आजारी असं नाही. ताबा सुटला पाहिजे, बाकी सगळं मागं पडलं पाहिजे, नुकसान समोर दिसत असून हात थांबत नाही असं पाहिजे, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं पाहिजे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे. तर मी त्या 20 प्रश्नांचं मराठी करून पोरांना वाटलं. पहिलाच प्रश्न, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहिलात असं किती वेळा होतं. पोरांनी भरून दिलं, काहींनी शेजाऱ्याचं बघून भरलं (सवय). रात्री खोलीवर बसून मी स्वतःचं पण भरलं. माझे 53 आले. 50 च्या वर म्हणजे मध्यम. ते कागद मी कपाटात ठेवून दिले आणि परत कुणाला दाखवले नाहीत.

रूम नंबर 14 मध्ये एक पोरगा होता. 2023 ला आलेला, आटपाडीकडचा, बारावीला चांगले मार्क. पहिल्या तीन महिन्यांत सकाळच्या लेक्चरला जेमतेम चार वेळा दिसला. रात्रभर बीजीएमआय, तो मोबाइलवरचा लढाईचा गेम. या गेमचीही एक कथा आहे, 2020 च्या सप्टेंबरात सरकारनं पबजीवर बंदी घातली, 2021 ला तोच खेळ नाव बदलून आला, 2022 च्या जुलैत परत गायब झाला, 2023 च्या मे मध्ये परत हजर. आणि मी बसलोय वायफायचं बटण दाबत. असो. त्याला ऑफिसात बोलावला आणि माझं ठरलेलं भाषण सुरू केलं, आईवडील, शेती, डोळे, झोप, आणि शेवटी म्हणालो की अरे चार पोरांत मिसळ, काहीतरी टीमचं खेळ. तो खाली बघत होता, म्हणाला, "सर, आमची पण टीमच हाय की."

मला पुढं काय बोलायचं ते सुचेना. कारण खरंच टीम होती. चौघं, एकाच वाडीतले, पहिलीपासून एका बाकावरचे. एक पुण्यात आयटीआय करतोय, एक चाकणला कंपनीत, एक घरीच शेळ्या बघतो आणि हा इथं. रात्री साडेदहाला चौघं एका मॅपवर उतरायचे, कुणी पडला की दुसरा सरपटत जाऊन त्याला उठवणार, आणि मध्येमध्ये गावातल्या गप्पा, कुणाच्या म्हशीला काय झालं, यात्रा कधी आहे. थोडक्यात त्यांचा पार होता तो, वडाखालचा. आणि इथं होस्टेलमध्ये तीन महिन्यांत त्याच्या शेजारच्या खोलीतल्या पोराला त्याचं नाव माहीत नव्हतं, हे मी नंतर मुद्दाम विचारून खात्री केली. तो इंटरनेटवर एकटा पडला नव्हता, एकटा इथं होता, आणि मी त्याला तिथून ओढून इथं आणायला निघालो होतो, कशासाठी, तर खोलीतल्या पंख्याकडं बघत बसायला.

आता मामांकडं येतो. आमच्या होस्टेलला वॉचमन आहेत, पन्नाशी ओलांडलेले, सगळे मामाच म्हणतात. तरुणपणी जिल्हा पातळीपर्यंत खो-खो खेळलेले, अजून चवड्यावर चालतात. होस्टेलच्या मागं एक जागा आहे, अर्धी पार्किंगनं खाल्लेली, अर्धी गाजरगवतानं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मामांनी कुणालाही न विचारता ती साफ केली, फक्कीनं रेघा मारल्या, दोन्ही टोकांना दोन वासे रोवले आणि संध्याकाळी साडेपाचला खोल्यांची दारं वाजवत निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "खो-खोला एक गडी कमी पडतोय, येतूस का?"

त्या दिवशी 17 पोरं खाली आली आणि प्रत्येकाला वाटत होतं की कमी पडलेला गडी तो आपणच. मैदानावर कोणीही नव्हतं आधी! मामा एकटेच. पोरांच्या लक्षात आल्यावर आधी वैतागली, मग हसली, आणि मग आलोच आहे तर म्हणून बसली. चौदा नंबरवाला पण होता त्यात. मी त्याला अर्धा तास समजावून जे झालं नाही ते मामांच्या एका थापेनं झालं. नंतर मी मामांना म्हटलं की मामा हे खोटं बोलणं झालं, तर म्हणाले, खोटं कसं, प्रत्येकाला विचारलं तेव्हा एक गडी कमीच होता की.

या वाक्यावर मी बरेच दिवस घालवलेत. आपण पोरांना काय सांगतो, मोबाइल वाईट आहे, खेळ चांगला आहे, तब्येतीसाठी ये, टाइमटेबल पाळ. सगळं त्याच्या भल्याचं, म्हणून सगळं उपदेश. मामांच्या वाक्यात त्याचं भलंबिलं काही नाही, उलट अडचण आमची आहे आणि तू आलास तर सुटेल. एकोणीस वर्षांच्या पोराला असं शेवटचं कोण म्हणालं असेल? घरी बाप म्हणतो तू फक्त अभ्यास कर बाकी काही बघू नको, कॉलेजात 120 च्या वर्गात तो नसला तरी काही अडत नाही, हजेरी तर मित्रच लावतो. त्याच्यावाचून खरंच अडायचं ते फक्त त्या रात्रीच्या तिघांचं.

आणि खो-खो हा खेळच असा बेतलाय की गडी नसला की लगेच भोक दिसतं. नऊ जण, त्यातले आठ पाटीत, म्हणजे मधल्या रेघेवरच्या चौकोनांत बसलेले, एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं तिकडं. म्हणजे अर्धं मैदान तुमच्या पाठीमागं असतं आणि तिकडचं बघायचं काम शेजारच्यावर सोडून द्यावं लागतं. पळणारा मधल्या रेघेतून इकडून तिकडं कसाही जाईल, पण पाठलाग करणाऱ्याला ती रेघ ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं वळता येत नाही. मग करायचं काय, तर पलीकडं तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर हात आणि खो. तुम्ही कितीही वेगवान असा, एकट्यानं तुमचं काही चालत नाही. आणि बसलेल्यानं हात लागायच्या आधी उठायचं नाही, लागल्यावर थांबायचं नाही. त्या मधल्या वेळात खिशातला फोन थरथरला तर कळत पण नाही, म्हणजे फोन नसतोच खिशात, चवड्यावर बसल्यावर टोचतो. मामा सगळ्यांचे फोन एका पत्र्याच्या डब्यात ठेवायला लावायचे. जप्ती वगैरे काही नाही, पडून काच फुटेल म्हणून.

खेळाला शिट्टी असते हेही मला तिथंच कळलं. नऊ मिनिटं पाठलाग, नऊ मिनिटं पळणं, परत एकदा तसंच, संपलं. रील्सला शेवटच नाही, पुढचं काय येईल माहीत नाही म्हणून अंगठा सरकत राहतो, आणि समोरून कोणी कधी म्हणत नाही की बास, आता घरी जा, मला पण भूक लागलीय.

मला पण एकदा उतरवलं. खरंच आठच होते त्या दिवशी. मामांनी जाहीर केलं, "सर कच्चा लिंबू." कच्चा लिंबू ही आपली जुनी सोय, गल्लीतल्या खेळात कुणाचातरी धाकटा भाऊ रडत आला की त्याला घ्यायचं, तो बाद होत नाही, त्याचं फाऊल धरत नाहीत, पण तो खेळात असतो. वयाच्या 46 व्या वर्षी मी कच्चा लिंबू झालो. पाठीवर हात पडला, उठलो, उजवीकडं पाऊल टाकलं आणि पळणारा डावीकडं गेलेला बघून आपसूक वळलो, सगळे फाऊल फाऊल ओरडले, मग कोणीतरी म्हणालं सर कच्चे आहेत, चालू द्या. रात्री गुडघ्याला बर्फ लावून झोपलो आणि मोबाइल बघायचा राहून गेला. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की राहून गेला. एकच दिवस हां, दुसऱ्या रात्री परत एक वाजेपर्यंत कसल्यातरी जुन्या घरांच्या रिनोव्हेशनचे व्हिडिओ बघत होतो, मला घर बांधायचं नाहीये.

आता इथं मला कुणी म्हणेल की बघा, मैदानावर येणारी पोरं मोबाइल कमी वापरतात, सिद्ध झालं. मी सायन्सचा माणूस, असं लगेच म्हणवत नाही. जी पोरं मुळात मोकळी, चार लोकांत रमणारी, तीच मैदानावर येतात आणि तीच मोबाइलला कमी चिकटतात असंही असू शकतं ना. म्हणजे खेळानं मोबाइल सुटला की मोबाइल सुटू शकणारेच खेळायला आले? आणि 17 मधली पाच पोरं आठवड्याभरातच गळाली, ती का गळाली हे महत्त्वाचं आहे, कारण पुढं आणखी गळाली आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी बघितलं.

झालं असं की संस्थेच्या लक्षात आलं, होस्टेलवर खो-खो बरा चाललाय. लगेच झोनल स्पर्धेसाठी टीम काढायची ठरली. ट्रायल झाली, 12 जण निवडले, जर्सी आल्या, फोटो झाला, बॅनर लागला. मैदान आता टीमच्या प्रॅक्टिसला. बाकीचे पहिले काही दिवस कडेला उभे राहून बघत होते, मग उभ्या उभ्या मोबाइल काढून बघायला लागले, मग खोलीतूनच बघायला लागले, आणि मैदान नाही, मोबाइल. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं, राखीव पोरगा शेवटी जातो कुठं. माझ्या वेळी तो मित्रांची घड्याळं सांभाळायचा, आता त्याच्या हातात स्वतःचा स्क्रीन आहे आणि तिथं ट्रायल नसते, रात्री 2 ला पण घेतात, कुणालाही घेतात. आपण म्हणतो इंटरनेट पोरांना खेचतं. खेचतंच, पण आपण पण ढकलतो की, 12 जणांना जर्सी देऊन बाकी हजारभर पोरांना टाळ्या वाजवायला बसवतो आणि वर त्यांनाच विचारतो की बाळा मैदानावर का जात नाहीस.

चौदा नंबर 12 मध्ये नव्हता. मामा भडकले. म्हणाले जर्सीवाल्यांचं सहा ते सात, त्याच्या आधी पाच ते सहा माझी कच्च्या लिंबांची टीम. आणि परत दारं वाजवत निघाले. तो आला.

मुलींचं तर विचारूच नका. मुलींच्या होस्टेलचं गेट संध्याकाळी 7 ला बंद, लेक्चर आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत साडेपाच, आणि त्या वेळेला मैदानावर मुलगे. म्हणजे दिवसातल्या ज्या तासाला बाहेर पडता येतं तो तास दुसऱ्याचा. मग ती खोलीत बसून फोन बघते आणि आई फोनवरच तिला म्हणते किती फोन बघतेस. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या वर्ल्डकपची फायनल झाली, भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 नं हरवलं, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. (मुलांनीही जिंकला, प्रतीक वाईकरच्या टीमनं, नेपाळलाच हरवून.) ती फायनल आमच्या मुलींनी कुठं बघितली, तर मेसमध्ये, एका फोनभोवती दहा-बारा डोकी. दुसऱ्या दिवशी 22 सह्यांचा अर्ज, आम्हाला आठवड्यातून तीन दिवस मैदान पाहिजे. तो अर्ज मोबाइलमुळे आला हे मी विसरत नाही. दोन दिवस मिळाले, भांडून. गेट अजून 7 लाच बंद होतं.

एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा चार्ज पण माझ्याकडंच आहे, कारण नाही म्हणता येत नाही. दरवर्षी सात दिवसांचं शिबिर असतं, 2024 चं एका माळावरच्या गावात होतं, रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. पहिल्या दोन रात्री टाकीवर रांग. दिवसा ओढ्यावर वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि हातोहात पुढं द्यायचं, एक जण खाली बसला की पोतं तिथंच अडतं आणि मागचे ओरडतात. चौथ्या रात्री टाकीवर दोघंच होते, त्यातल्या एकाची बहीण आजारी होती आणि दुसऱ्याचं नुकतंच जमलं होतं. मी मनात अहवाल पण लिहून टाकला, शिबिरामुळे परिवर्तन वगैरे. परत येताना एसटी हायवेला लागली आणि एकदम सगळ्यांचे फोन टिंगटिंग करायला लागले, पाच मिनिटांत माना खाली, गाणी बंद, शेवटपर्यंत एक आवाज नाही. सात दिवस म्हणजे सात दिवस. रोजचं काही असल्याशिवाय टिकत नाही हे मला त्या एसटीत कळलं, आणि ते अहवालात लिहायची सोय नव्हती.

आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, 2022 च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाइल बंद. पेपरात आलं, परदेशातल्या मीडियात पण आलं. आमच्या स्टाफरूममध्ये लगेच सूर, आपण पण भोंगा लावू. मी माझ्या वायफायच्या अनुभवावरून गप्प बसलो, पण मला वाटतं तिथली गोम भोंग्यात नाही. ते गावानं बैठकीत बसून ठरवलं आणि पोरांबरोबर आयाबापांनी पण बंद ठेवायचं ठरलं. सगळेच बंद असल्यावर आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या प्रस्तावात स्टाफचे मोबाइल धरलेले नव्हते.

चौदा नंबर आता थर्ड इयरला आहे, खोली बदलली तरी सगळे त्याला चौदाच म्हणतात. लेक्चरला येतो, सगळ्या नाही, माझ्या तर नाहीच नाही, पण येतो. मामांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं होतं तेव्हा पंधरा दिवस दारं वाजवायचं काम त्यानं केलं, तेच वाक्य, तसंच अर्धं दार उघडून. परवा रविवारी रात्री राऊंडला गेलो तर हेडफोन लावून कॉटवर, समोर तोच मॅप. मला बघून एक कान मोकळा केला. मी म्हटलं काय रे, बंद केलं होतंस ना.

"रोजचं बंदच हाय सर. रविवारचं न्हाय करता येत." आणि परत हेडफोन लावता लावता म्हणाला, "तिघंच हायती तिथं, मी न्हाय गेलो तर एक गडी कमी पडतोय."